दोन फुटांचं जोतं

आज एका घराशी थोडा वेळ थांबायचं आहे. मध्ये मध्ये मी थांबायला सांगेन, तेव्हा नजर कागदावरून उचला आणि मनात जे येईल ते येऊ द्या. घाई नाही. हे वाचून संपवण्यापेक्षा मनात घोळू देणं जास्त गरजेचं आहे.

घर उकव्यातलं. बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागलं, घाट चढून वर आलं, की रान दाट होत जातं आणि मँगनीजच्या खाणीची ही वस्ती लागते. गाव मध्य प्रदेशात, पण खाणीचा कारभार नागपूरहून चालतो. बोलणं हिंदी, पवारी, गोंडी, मराठी असं मिसळलेलं. हे घर मी कुणा एका कुटुंबाचं उचललेलं नाही. मनानं उभं केलं आहे, पण या पट्ट्यातल्या घरांच्याच मापानं.

आधी मापं पाहू. पाऊस इथे मुसळधार, म्हणून जोतं दोन फूट उंच. वर जायला तीन दगडी पायऱ्या, त्यातली मधली जरा हललेली. मग ओसरी, सारवलेली. ओसरीतून आत जायचं दार, दाराला सागवानी चौकट, आणि चौकटीच्या तळाशी चार बोटं उंच उंबरठा. आत एक खोली, पलीकडे स्वयंपाकघर. मागच्या दारानं उतरलं की न्हाणी, आणि परसाच्या टोकाला सरकारी योजनेतून बांधलेला संडास: वर चढायला दोन पायऱ्या, अरुंद दार, आत उकिडवं बसायचं भांडं. बघणाऱ्याला या घरात काही वावगं दिसणार नाही. ज्यानं बांधलं त्यानं ओल, साप-विंचू आणि पावसाचं पाणी यांचा नीट विचार करून बांधलं.

या घरात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला नाव तुम्ही द्या. ओळखीतल्या एखाद्या पोरीचं द्या, म्हणजे ती परकी राहणार नाही. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका भागाला इजा झाली, त्यामुळे पाय ताठरलेले, एका हाताची बोटं आखडलेली, बोलणं अडखळत. समज मात्र लख्ख. पाढे पाठ आहेत, गावातल्या प्रत्येक गाडीचा आवाज ओळखते. तिला व्हीलचेअर मिळाली आहे, शिबिरात, कानपूरच्या एलिम्कोची. केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं द्यायची योजना 1981 पासून चालू आहे, आणि ती अगदी उकव्यापर्यंत पोचते ही चांगली गोष्ट आहे. पण ती खुर्ची ओसरीच्या कोपऱ्यात उभी आहे आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे. कारण खुर्ची उंबरठ्यातून आत जात नाही आणि तीन पायऱ्या उतरत नाही.

त्या कपड्यांच्या ढिगापाशी थोडं थांबा.

आता तिच्या आईचे हात पाहा. सकाळ झाली. एक हात पोरीच्या गुडघ्यांखाली, एक पाठीमागून बगलेत. उचललं. बिछान्यातून ओसरीत. ओसरीतून मागच्या दारानं परसात, दोन पायऱ्या चढून संडासात. तिथे दार इतकं अरुंद की दोघींना सरळ आत जाता येत नाही, आईला आडवं व्हावं लागतं. मग स्वतःच्या पायांवर पोरीला तोलून धरायचं. परत न्हाणीत, परत ओसरीत. शाळेला न्यायचं तर पुढच्या तीन पायऱ्या, मधली हलणारी. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, रात्री पोट बिघडलं तर पुन्हा.

पोरगी पाच वर्षांची होती तेव्हा हे सगळं जमत होतं. आता तिचं वजन सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त आहे, आणि पोतं जसं उचलताना स्थिर राहतं तशी ती राहत नाही, ताठरलेले पाय अचानक झटका देतात. बाकीच्या आयांना पोर उंच झालं, अंगानं भरलं की बरं वाटतं. या बाईलाही वाटतंच. पण त्याच वेळी ती मनातल्या मनात एक हिशेब करते, जो ती कुणाला सांगत नाही: अजून किती वर्षं? पंधराव्या वर्षी ही केवढी असेल, आणि माझी कंबर कशी असेल? पोर वाढल्याचा आनंद आणि पोर जड होत चालल्याची धास्ती, दोन्ही एकाच वेळी एकाच छातीत असणं म्हणजे काय, याचा विचार करा. उत्तर शोधायचं नाही. फक्त त्या बाईच्या जागी थोडा वेळ उभं राहायचं.

आणि मग, हे जास्त अवघड आहे, उचलणाऱ्या आईकडून उचलल्या जाणाऱ्या मुलीकडे या.

उठून पाणी घ्यायचं आहे. हाक मारायला हवी. माय चुलीपाशी आहे, भात लागेल. थांबावं. पंखा बंद आहे आणि उकडतंय, बटण दाराशेजारी पाच फुटांवर. हाक मारायला हवी. थोरला भाऊ बाहेर मित्रांबरोबर आहे, त्याला हाक मारली तर तो येईल, पण मित्रांसमोर येईल. संडासला जायचं आहे. हाक मारायला हवी. दिवसातून किती वेळा मागायचं याची एक मर्यादा मुलं आपोआप ठरवून घेतात. मग ती काय करते? पाणी कमी पिते. दुपारनंतर तर जवळजवळ पीतच नाही. ज्या घरात आणि ज्या शाळेत संडास गाठता येत नाही, तिथल्या मुली आणि बाया हेच करतात. खुर्चीवर असोत किंवा नसोत, हे दुःख बायकांना सांगावं लागत नाही. आणखी वर्षा-दीड वर्षात तिला पाळी येईल. तेव्हा त्या अरुंद दारातून तिला कोण नेणार? आई बाजाराला गेली असेल तर? भावाला हाक मारायची?

इथे थांबा. मनात संकोच आला असेल तर येऊ द्या. हा संकोच ती मुलगी रोज सोसते.

आता एक प्रश्न मनात धरा: तिला नेमकं अडवतं कोण? आपलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, तिचे पाय. पण तेच पाय, तीच मुलगी, एखाद्या सपाट घरात, रुंद दाराच्या आणि हाताशी नळ असलेल्या घरात मनानं नेऊन बसवा. पंखा ती लावेल. पाणी ती घेईल. संडासला ती जाईल, कदाचित वेळ लागेल, पण जाईल. पाय तेच आहेत. बदललं ते जोतं. संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली अपंगांच्या हक्कांचा जो करार केला त्याच्या प्रास्ताविकातच हे मांडलं आहे की, अपंगत्व केवळ देहात नसतं, देहाची उणीव आणि भोवतालचे अडथळे एकमेकांना भिडतात तिथे ते तयार होतं. भारताने हा करार 2007 साली मान्य केला आणि त्याला धरून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा झाला. मला हे वाक्य दिल्ली-न्यूयॉर्कचं वाटत नाही. मधली पायरी हलणाऱ्या त्या तीन पायऱ्यांशी उभं राहिलं की ते अगदी घरगुती सत्य वाटतं.

मग हा कायदा इथे का पोचत नाही? तो पोचतो, पण दारापर्यंत. सार्वजनिक इमारती, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, लोकांसाठी खुल्या खाजगी जागा, यांना तो लागू आहे. सुगम्य भारत अभियान 3 डिसेंबर 2015 ला सुरू झालं तेही त्यांच्याचसाठी. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. फार मोलाचा निकाल आहे. पण स्वतःच्या घराचा उंबरठा कुणी फोडून द्यावा, हे यातलं काहीच सांगत नाही. घरकुलाच्या योजनांत दिव्यांगांना 5 टक्के जागा कायद्याच्या कलम 37 नं राखल्या आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवर 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1 लाख 30 हजार मिळतात. मात्र ज्याचं घर आधीच उभं आहे, सारवलेलं आहे, ज्याच्या जोत्याखाली आजोबांनी घातलेले दगड आहेत, त्याचं काय? इंग्लंडमध्ये यासाठी स्थानिक पालिकेकडून अनुदान मिळतं, 30 हजार पौंडांपर्यंत, आणि मूल अठरा वर्षांखालचं असेल तर आई-बापाचं उत्पन्न विचारत नाहीत. तसं काही आपल्याकडे येईल तेव्हा येवो. ते यावं यासाठी भांडलंही पाहिजे. पण ही पोरगी आज अकरा वर्षांची आहे.

म्हणून गावाकडे वळायचं.

आपल्याकडे गावानं मिळून करायची रीत जुनी आहे. एखाद्याचं औत मोडलं, बैल गेला, घरचा कर्ता आजारी पडला की शेजारपाजारचे आपापली औतं घेऊन इर्जिकीला येत, एका दिवसात त्याचं रान नांगरून होई, आणि संध्याकाळी त्याच्या अंगणात सगळ्यांचं जेवण. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून बायकांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढलं. गाडगेबाबांनी कीर्तनं करून लोकांच्या पैशातून नाशिक, पंढरपूर, मुंबईला धर्मशाळा उभ्या केल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात आलेले कॅन्सरचे रुग्ण राहतात. बाबांनी त्यातलं स्वतःसाठी काही ठेवलं नाही, सगळं विश्वस्तांच्या हाती सोपवलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या झाल्या, आणि 1984 साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. तिची वसतिगृहं, शाळा हे सारं देणग्यांवर उभं राहिलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं असेल त्यांना पायऱ्या म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा पैसा जमवणं आपल्याला नवं नाही. गणपतीला, सप्ताहाला, मंदिराच्या सभामंडपाला आपण वर्गणी देतो आणि देताना फारसं काही वाटत नाही. एका पोरीच्या जोत्यासाठी वर्गणी मागायला निघताना मात्र पाय जड होतात. का, हे विचार करण्यासारखं आहे. मला वाटतं, सभामंडप सगळ्यांचा असतो म्हणून तो मागायला सोपा. जोतं एका घराचं, म्हणून ते 'मदत' होतं, आणि मदत म्हटली की देणारा एक पायरी वर आणि घेणारा एक पायरी खाली. दोन फुटांचं जोतं उतरवायला निघालेल्या माणसांनी दुसरं जोतं बांधू नये, याचीच काळजी मला सगळ्यात जास्त वाटते.

म्हणून आता वर्गणीच्या पहिल्या बैठकीत मनानं बसा. शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं आहेत. मुलीचा बापही आला आहे, मागे, भिंतीला टेकून. खाणीत ठेकेदाराकडे काम करतो. आयुष्यात कुणाकडे हात पसरला नाही हे त्याच्या बसण्यावरूनच कळतं. कुणीतरी चांगल्या मनाचा तरुण म्हणतो, "काका, पोरीचा फोटो द्या एक. जमिनीवर सरकत जातानाचा असला तर लोकांना लवकर दया येते. मोबाइलवर टाकतो, दोन दिवसांत पैसे जमतील."

तो खोटं बोलत नाही. पैसे जमतील. 2021 साली मुंबईतल्या पाच महिन्यांच्या एका बाळासाठी 16 कोटींच्या जनुकीय औषधाचे पैसे लोकांनी मोबाइलवरून जमवले आणि केंद्र सरकारने त्यावरचे सुमारे 6 कोटींचे कर माफ केले. अनोळखी माणसांनी शंभर-पाचशे करून एवढी रक्कम उभी केली, ही साधी गोष्ट नाही. जीव वाचवायची शर्यत होती तिथे आई-बापांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. पण आपल्या पोरीच्या पुढे शर्यत नाही, आयुष्य आहे. तिला याच गावात मोठं व्हायचं आहे. जमिनीवर सरकतानाचा तो फोटो उद्या तिच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरच्या मोबाइलवर असेल, आणि ती पंचवीस वर्षांची होईल तेव्हाही कुठेतरी असेल.

बापाच्या चेहऱ्याकडे पाहा. तो नाही म्हणणार नाही. गरजवंताला नाही म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी नाही म्हणायला हवं. हे ऐनवेळी सुचत नाही, आधी मनात ठरवून जावं लागतं. 1992 साली लंडनमध्ये आयटीव्ही वाहिनीचा टेलिथॉन चालू असताना शेकडो अपंग माणसं स्टुडिओबाहेर जमली होती. अपंगांसाठीच पैसे गोळा करणारा तो कार्यक्रम बंद करा, अशी त्यांची मागणी होती, कारण आमची कीव विकून येणारा पैसा आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. तो टेलिथॉन पुन्हा झाला नाही. देणाऱ्यांना तेव्हा वाईट वाटलं असेल. वाटू द्यावं. देणाऱ्याच्या मनापेक्षा त्या मुलीचा उद्या मोठा आहे.

मग फोटो नाही, तर काय दाखवायचं? नकाशा दाखवा. वहीच्या पानावर घर काढा, मापं घाला, आणि लोकांना काम दाखवा. काम बघितलं की माणसं कामाचं बोलतात. दया दाखवायला कुणाला वेळच उरत नाही.

आपणही तो नकाशा एकदा सावकाश पाहू. जोतं दोन फूट, म्हणजे 24 इंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 लागतो, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे 24 फुटांचा उतार. अंगण तेवढं लांब नाही. मग उतार सरळ न काढता मध्ये वळवायचा: बारा फूट वर, मग पाच फुटांची सपाट जागा, जिथे खुर्ची थांबेल आणि वळेल, मग उलट दिशेनं उरलेले बारा फूट. "एवढा लांब कशाला? आठ फुटांत काढू, सिमेंट वाचेल," असं कोणीतरी म्हणेलच. त्याला सांगायचं, आठ फुटांच्या उतारावर खुर्ची ढकलायला दणकट बाप्या लागेल आणि उतरताना ती हातातून सुटेल. चोवीस फुटांच्या उतारावर आठ वर्षांचा धाकटा भाऊ तिला नेईल, आणि हातात जोर आला की पुढेमागे ती एकटी जाईल. वाचलेल्या चार पोती सिमेंटची किंमत ही आहे. खाणीत उतरणाऱ्या माणसाला उताराचं हे गणित फार समजवावं लागणार नाही. उकव्यात ते रोजचं काम आहे.

उताराच्या दोन्ही कडांना चार बोटं उंच कड हवी, चाक घसरू नये म्हणून. वरचा थर ओला असताना त्यावर खराटा आडवा फिरवून रेषा पाडायच्या, नाहीतर पहिल्याच श्रावणात शेवाळ धरेल. बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक तिच्या हाताला येईल असा खाली. या पाइपाशी मला जरा थांबावंसं वाटतं. पोलाद चिवट व्हावं म्हणून त्यात मँगनीज घालतात, त्यावाचून पोलाद बनत नाही. शंभराहून जास्त वर्षं या पट्ट्यातले डोंगर पोखरून मँगनीज निघतंय. आधी इंग्रजांच्या कंपनीनं काढलं, 1962 पासून मॉईल या कंपनीनं, आणि 1977 साली ती पूर्ण सरकारी मालकीची झाली. इथून खनिज भरून गेलं, त्याचं पोलाद झालं, त्या पोलादावर कुठे कुठे पूल आणि इमारती उभ्या राहिल्या. एवढ्या सगळ्यातून कठड्यापुरता पाइप या अंगणात यावा ही काही मोठी मागणी नव्हे. खाणीच्या साहेबांकडे हा अर्ज नेताना मान खाली घालायचं कारण नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्चायला सांगितलेलेच आहेत.

पुढे दार. ते तीन फूट रुंद करायचं, म्हणजे चौकट काढावी लागेल. आणि उंबरठा.

इथे आजी मध्ये पडेल. पडू द्या, तिचं ऐका. ती सून म्हणून या घरात आली तेव्हा याच उंबरठ्यावरचं माप ओलांडून आली. रोज सकाळी ती त्यावर पाणी शिंपडते, हळदीकुंकवाची बोटं ओढते, सणाला रांगोळी घालते. तो काढला तर लक्ष्मी कुठून येणार, असं ती म्हणते. हा अडाणीपणा नाही. जिच्या आयुष्यातली सगळी वळणं त्या चार बोटं लाकडावरून गेली आहेत तिचं हे म्हणणं आहे. गावातला जुना सुतार यावर तोड काढतो. म्हणतो, "आजी, लाकूड तेच ठेवतो जी. फेकत नाही. खाली खाच घेऊन जमिनीत बसवतो, जमिनीच्या बरोबरीनं. तुमचं हळदीकुंकू त्याच लाकडावर राहील, अन् पोरगी त्याच्यावरून जाईल." आजी बराच वेळ बोलत नाही. मग विचारते, चाकानं कुंकू पुसेल का? पुसेल, आजी. "मंग पुन्हा लावीन," ती म्हणते.

ही तोड पैशानं निघाली नसती. बैठकीत आजीला बोलावलं नसतं तर चौकट एके दिवशी फुटली असती आणि घरात एक अबोला राहून गेला असता.

उरलेली कामं भराभर सांगतो. संडासाचं दार बाहेर उघडणारं, पायऱ्यांच्या जागी उतार, आत बैठकीचं भांडं आणि दोन्ही बाजूंना पकडायला दांडे. नळ आणि बादली बसल्या जागी हाताशी. बिछान्याऐवजी खाट, खुर्चीच्या बैठकीएवढी उंच, म्हणजे तिला खुर्चीतून खाटेवर स्वतः सरकता येईल. आणि पंख्याचं, दिव्याचं बटण तीन फुटांवर. हे बटण सगळ्यात स्वस्त काम आहे. बोर्ड खाली घ्यायला एका दुपारचा वेळ लागतो. पण ज्या पोरीनं अकरा वर्षं अंधार पडल्यावर कुणीतरी दिवा लावायची वाट पाहिली आहे, तिनं पहिल्यांदा स्वतः दिवा लावणं कसं असेल याचा विचार करा. मी तर म्हणेन, पैसे जमायच्या आधीच, पहिल्या रविवारी, हे बटण खाली घ्यावं.

आता वर्गणीची वही उघडू. कोण काय देतं ते पाहा. दुकानदार पाच पोती सिमेंट. मास्तर हजार रुपये. पतसंस्थेतले लोक मिळून वाळूची एक ट्रॉली. महिला बचतगट कामाच्या दिवसांचं दोन वेळचं जेवण. शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, गोंड गवंडी म्हणतो, "पैसे नाहीत माझ्यापाशी. तीन दिवस देतो." वहीत हे सगळं एकाखाली एक, एकाच शाईनं लिहायचं. मोठा आकडा वर नाही, तीन दिवस खाली नाहीत. आणि घरावर दात्यांच्या नावांची पाटी नाही. देवळावर चालते, राहत्या घरावर चालत नाही. ज्या भिंतीवर रोज आपल्या उपकारकर्त्यांची नावं वाचावी लागतात ती भिंत आपली वाटत नाही.

या वहीत मुलीच्या बापाचंही नाव हवं. त्याला वाटेल तेवढं, पन्नास रुपये असोत की विटा वाहायचे दोन दिवस. त्याच्याकडून घ्या, नाही म्हणू नका. "राहू दे, तुझ्यासाठीच तर आहे" असं म्हणताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो, हे थोडं थांबून पाहा.

आणि तिला विचारलं का? हे इतक्या उशिरा यावं याची मला खंत वाटते, पण बहुतेक बैठकांत हे असंच उशिरा येतं. सगळं ठरल्यावर कुणाला तरी आठवतं. ती अडखळत, वेळ घेत सांगेल. तिचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, मध्येच ओळखून घ्यायचं नाही. कदाचित ती म्हणेल, उतार पुढून नको, बाजूनं काढा, कारण मैत्रिणी बाजूच्या अंगणात खेळतात आणि पुढच्या दारातून त्या दिसत नाहीत. मग आखलेला नकाशा पुसायचा. थोडी वाळू जास्त लागेल, एक मोरी हलवावी लागेल. हलवायची.

काम झालं असं समजा. हिशेब वाचून दाखवला, उरलेले रुपये शाळेच्या उतारासाठी ठेवले. एके दिवशी तुम्ही, ज्यांनी पाच पोती दिली त्या तुम्ही, रस्त्यानं जात आहात आणि ती पोरगी धाकट्या भावाला घेऊन किराणा दुकानापाशी दिसते. शाळेची वेळ आहे. शाळेत गेलेली नाही, दोघं मिळून कुरकुऱ्यांचं पाकीट खात आहेत. मनात काय उठतं ते नीट पाहा. "यासाठी दिलं होतं का?" असं काहीतरी उठेल. दुसऱ्या कुठल्या अकरा वर्षांच्या मुलीला आपण असा हिशेब विचारला असता का? शाळा बुडवली म्हणून मास्तर ओरडतील, माय दोन धपाटे देईल. ते त्यांचं काम. सिमेंटच्या पोत्यांबरोबर तो अधिकार तुम्हाला मिळालेला नाही. तिच्याकडे पाहून हसा, नाहीतर न पाहता पुढे जा.

पुढे जाताना मात्र एक गोष्ट पाहून ठेवा. दुकानापर्यंत ती आली, पण रस्त्याच्या कडेची नाली ओलांडताना दुकानदारानं आणि भावानं खुर्ची दोन्हीकडून उचलली. नालीवर फरशी नाही. घरचा उतार गावानं केला, नाली पंचायतीची आहे, आणि तिथे कायदा पुरेपूर लागू आहे. तिथे वर्गणी मागायची नाही, हक्कानं मागायचं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय यायला हवा असेल तर अर्ज आधी द्यावा लागेल, आणि तो हिंदीत लिहावा लागेल. लिहायला तिलाच सांगून बघा. अक्षर वाकडंतिकडं येईल, वेळ लागेल. पण फरशी किती रुंद हवी हे गावात तिच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नाही: खुर्चीच्या चाकांचं बाहेरून बाहेर माप पंचवीस इंच, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, भाऊ घाईत असतो म्हणून.